स्टेशनवरची बॅग

२०२० चा मे महिना. हिंजवडीजवळच्या आमच्या टू-बीएचकेमध्ये आम्ही दोघंच उरलो होतो. बाकीचे दोघे लॉकडाऊन लागायच्या आदल्या रात्री गावाला पळाले होते. दिवसभर लॅपटॉप, रात्री खिचडी आणि खिचडीनंतर पिक्चर, असा आमचा दिनक्रम होता. पिक्चर कुठला ते आळीपाळीने ठरायचं. त्या रात्री पाळी माझी होती आणि मी 'इन द हीट ऑफ द नाईट' लावला. १९६७ चा अमेरिकन क्राईम पिक्चर. कुठल्याशा 'मरण्याआधी पाहायलाच हवेत' छापाच्या यादीत मला तो सापडला होता.

पिक्चर संपला तेव्हा माझा गळा दाटून आला होता. मी म्हणालो, "काय शेवट आहे राव!"

रूममेट उठून ताटं गोळा करत होता. म्हणाला, "भारी आहे. पण शेवट तुझ्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही."

मी हसलो. तो हसला नाही. भांडी घासायची पाळी त्याची होती, त्यामुळे विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेलं नाही. पुढची काही वर्षं मी या पिक्चरबद्दल मिळेल ते वाचत राहिलो. हा लेख म्हणजे त्याच वाक्याचा उशिरा केलेला अभ्यास आहे.

(पुढे स्पॉइलर आहेत. पिक्चर जवळपास साठ वर्षांचा आहे, पण तरी सांगितलेलं बरं.)

मिस्टर

मिसिसिपी राज्यातलं स्पार्टा नावाचं एक काल्पनिक गाव. उकाड्याची रात्र. गस्तीवरच्या पोलिसाला रस्त्यात एक प्रेत दिसतं. शिकागोहून आलेला हा उद्योजक गावात कारखाना काढणार होता. संशयिताचा शोध सुरू होतो आणि पोलीस रेल्वे स्टेशनवर पोचतो. तिथे एक कृष्णवर्णीय माणूस एकटाच बसलेला असतो. अंगात सूट, शेजारी बॅग, खिशात बऱ्यापैकी पैसे. पोलिसाला एवढा पुरावा पुरतो. तो त्याला उचलून ठाण्यात आणतो.

हा माणूस म्हणजे व्हर्जिल टिब्ज. फिलाडेल्फिया पोलिसांचा खून-तपासातला सगळ्यात हुशार अधिकारी. आईला भेटून परत निघालाय, गाडी बदलायला थांबलाय. ही भूमिका सिडनी पॉयटिएची. समोर च्युइंगम चघळत बसलेला, पोट सुटलेला गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी म्हणजे रॉड स्टायगर. टिब्जचा आठवड्याचा पगार १६२ डॉलर ३९ सेंट आहे हे कळतं तेव्हा गिलेस्पीचा चेहरा बघण्यासारखा होतो. या माणसाला हाकलून द्यावं तर खून सोडवायची अक्कल ठाण्यात कुणाकडे नाही. ठेवून घ्यावं तर गाव काय म्हणेल? शेवटी मेलेल्या उद्योजकाची बायको अडून बसते: तपास टिब्जने केला नाही तर कारखाना विसरा. गिलेस्पीला नमावं लागतं ते असं, पैशापुढे. माणुसकी वगैरे त्यात काही नाही.

पुढे एका भांडणात गिलेस्पी 'व्हर्जिल' या नावाची टिंगल करतो आणि विचारतो, तिकडे फिलाडेल्फियात तुला काय म्हणतात? टिब्ज सांगतो की तिकडे त्याला 'मिस्टर टिब्ज' म्हणतात. पिक्चरचा सगळ्यात गाजलेला संवाद हाच. १९७० मध्ये दुसरा भाग आला तेव्हा हेच वाक्य त्याचं शीर्षक झालं.

पहिल्यांदा पाहताना मला हा नुसता टाळीचा डायलॉग वाटला होता. इतिहास वाचल्यावर त्याचं वजन कळलं. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरा माणूस कृष्णवर्णीय माणसाला 'मिस्टर' म्हणत नसे आणि बाईला 'मिस' किंवा 'मिसेस' म्हणत नसे. साठीच्या म्हाताऱ्यालाही 'बॉय', नाहीतर नुसत्या नावाने हाक. हे कोर्टातसुद्धा चालायचं. १९६३ मध्ये अलाबामातल्या गॅड्सडेन इथे मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्क चळवळीतली कार्यकर्ती साक्षीला उभी राहिली. सरकारी वकील तिला 'मेरी' म्हणून प्रश्न विचारू लागला. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं तिने सांगितलं. न्यायाधीशाने कोर्टाच्या अवमानाखाली पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६४ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. एका संबोधनासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि त्यानंतर तीनच वर्षांनी पडद्यावर टिब्ज 'मिस्टर' म्हणाला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या भाषेत 'अरे' आणि 'अहो' या दोन शब्दांत गावाचा अख्खा नकाशा असतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक म्हातारा कामाला यायचा. माझ्या आजोबांच्याच वयाचा. आजोबांना सगळे 'अण्णा' म्हणायचे, 'अहो' म्हणायचे. म्हाताऱ्याला मात्र आजीपासून माझ्यापर्यंत सगळे 'अरे' म्हणायचे, तेही नाव तोडून. मी आठ वर्षांचा होतो. तो मला 'धाकलं मालक' म्हणायचा. यात काही वावगं आहे, असं मला त्या वेळी एकदाही वाटलं नाही. मला तसं कुणी शिकवलंही नव्हतं. डिफॉल्ट सेटिंगच तसं होतं.

मिसिसिपीत न काढलेला मिसिसिपीचा पिक्चर

मूळ कादंबरी जॉन बॉल या लेखकाची, १९६५ ची. तिच्यात गावाचं नाव वेल्स आहे, ते कॅरोलायनात आहे आणि टिब्ज कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचा आहे. मेलेला माणूस कारखानदार नाही, संगीतकार आहे. पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंटने हे सगळं बदललं. कथा मिसिसिपीत नेली आणि संगीतकाराच्या जागी कारखाना आणला. त्यामुळे गावाला टिब्जची गरज का पडते, याला पक्कं आर्थिक कारण मिळालं.

पण शूटिंग मिसिसिपीत झालं नाही. तिकडे जायला पॉयटिएने नकार दिला आणि त्याला कारण होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला शेकडो तरुण मिसिसिपीत गेले होते. त्यांतल्या तिघांचा खून झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांची प्रेतं मातीच्या बंधाऱ्याखाली सापडली. कार्यकर्त्यांजवळचे पैसे संपत आले होते. गायक हॅरी बेलाफॉन्टेने सत्तर हजार डॉलर जमवले आणि रोख रक्कम घेऊन तो आणि त्याचा दोस्त पॉयटिए विमानाने ग्रीनवुडला उतरले. विमानतळावरून निघताच कू क्लक्स क्लानच्या गाड्या मागे लागल्या. कार्यकर्त्यांच्या गाड्यांनी वाट अडवून धरली म्हणून दोघे वाचले. पॉयटिए तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष होता, आणि ते मिळून चार-पाच महिनेच झाले होते. ऑस्करचा त्या रस्त्यावर काही उपयोग नव्हता.

म्हणून १९६६ मध्ये दिग्दर्शक नॉर्मन जुइसनने उत्तरेकडच्या इलिनॉय राज्यात शूटिंग केलं. तिथे स्पार्टा नावाचं खरंच एक गाव होतं. पाट्या रंगवायला नकोत म्हणून कथेतल्या गावालाही तेच नाव दिलं. पण इलिनॉयमध्ये कापूस पिकत नाही आणि कापसाच्या शेताशिवाय दक्षिण दाखवणार कशी? त्यासाठी पॉयटिए काही दिवस टेनेसीतल्या डायर्सबर्गला यायला तयार झाला. तिथे धमक्या आल्या. तो उशाखाली पिस्तूल ठेवून झोपत होता. मुक्काम आवरता घेऊन सगळे परतले.

त्या शेतातला शॉट जेमतेम मिनिटभराचा आहे. गिलेस्पीची गाडी जातेय, शेजारी सुटातला टिब्ज बसलाय आणि काचेबाहेर त्याच्यासारखीच माणसं वाकून कापूस वेचतायत. तो बघत राहतो. हे वाचल्यानंतर मी तो मिनिट पुन्हा पाहिला. त्या चेहऱ्यावरचं सगळंच अभिनय नसावं.

चेहऱ्यावरून एक तांत्रिक गोष्ट आठवली, इंजिनिअर असल्यामुळे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळची रंगीत फिल्म आणि प्रकाशयोजनेच्या पद्धती गोऱ्या कातडीसाठी बेतलेल्या होत्या. फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या प्रखर दिव्यांत काळसर त्वचा नुसती चकाकायची, चेहऱ्याचे बारकावे हरवायचे. कॅमेरामन हॅस्केल वेक्सलरने या पिक्चरमध्ये पॉयटिएचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून प्रकाश बसवला. मोठ्या बॅनरच्या रंगीत हॉलिवूडपटात असा विचार पहिल्यांदा इथे झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. तुमच्या फोनचा कॅमेरा सगळ्यांना उजळ का करतो, हा प्रश्न बराच जुना आहे.

थप्पड

तपासात टिब्ज आणि गिलेस्पी एंडिकॉट नावाच्या बड्या जमीनदाराच्या घरी जातात. तो ऑर्किडच्या काचघरात उभा असतो. आपल्यावर संशय घेतला जातोय हे लक्षात येताच तो टिब्जच्या थोबाडीत मारतो. त्याच क्षणी टिब्ज उलट्या हाताने त्याला मारतो. मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही. एंडिकॉट गिलेस्पीला विचारतो, पाहिलंस ना? आता काय करणार? गिलेस्पी म्हणतो, माहीत नाही.

ही थप्पड कुणाची, यावरही वाद आहे. पॉयटिएने नंतर सांगितलं की मूळ पटकथेत टिब्ज मार खाऊन निघून जात होता आणि उलटा हात आपल्या आग्रहावरून आला. चित्रपट-इतिहासकार मार्क हॅरिसने पटकथेचा मूळ मसुदा मिळवला, तर दृश्य त्यात आधीपासूनच होतं. जुइसन आणि सिलिफंट यांचंही म्हणणं तेच. मला यात पॉयटिए खोटं बोलला असं वाटत नाही. आयुष्यभर ज्याने हात आवरला, त्याला तो एक न आवरलेला हात आपलाच वाटणार.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते थपडेनंतरचं दृश्य. टिब्ज पेटलेला आहे. या जाड्या मांजराला मी डोंगरावरून खाली खेचतो, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. गिलेस्पी त्याच्याकडे बघतो आणि जणू शोध लागल्यासारखा म्हणतो, तू पण आमच्यासारखाच आहेस की! आणि तो बरोबर असतो. खुनी एंडिकॉट नाही. टिब्ज द्वेषापोटी चुकीच्या माणसामागे लागलाय. खून केलेला असतो हॉटेलच्या काउंटरवरच्या एका मामुली पोराने, एका मुलीच्या गर्भपाताच्या पैशांसाठी. पिक्चर टिब्जला देव करत नाही. गिलेस्पीला त्याच्याजवळ येता येतं ते याच फटीतून.

मग येतं गिलेस्पीच्या घरचं दृश्य. हातात ग्लास, बायको नाही, मूल नाही. इथे कुणी येत नाही, तू पहिलाच, असं गिलेस्पी सांगतो. या दृश्याचा बराच भाग दोघा नटांनी जागच्या जागी रचलेला आहे. टिब्ज हळू आवाजात सुचवतो की एकटेपणात आपण सारखेच आहोत. लगेच गिलेस्पीचा चेहरा बंद होतो. तुझी कीव नको मला. दार उघडलं होतं ते धाडकन आपटतं. मैत्री म्हणावी असं या पिक्चरमध्ये जे काही आहे, ते या तीन-चार मिनिटांत आहे, आणि तेही मोडून पडतं.

वेळ

पिक्चर बनवण्याआधी सन व्हॅलीत स्कीइंगच्या सुट्टीवर असताना जुइसनची रॉबर्ट केनेडीशी गाठ पडली. दोघांच्याही पोरांना बर्फात दुखापत झाली होती. पिक्चरचा विषय ऐकून केनेडी म्हणाला, हे महत्त्वाचं आहे, राजकारणात आणि कलेत वेळच सगळं काही असते. हा किस्सा जुइसन कायम सांगायचा.

वेळ अशी साधली की अंगावर काटा यावा. जुलै १९६७ मध्ये नेवार्कमध्ये दंगल पेटली, २६ माणसं मेली. त्याच महिन्यात डेट्रॉइटमध्ये ४३ मेली. ती आग विझून जेमतेम आठवडा होतो न होतो तोच, ऑगस्टच्या सुरुवातीला, पिक्चर लागला. ऑस्करचा सोहळा ८ एप्रिल १९६८ ला ठरला होता. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ९ तारखेला अंत्ययात्रा आणि दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, ऑस्कर. 'इन द हीट ऑफ द नाईट'ला पाच पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा त्यांतलाच. सर्वोत्कृष्ट अभिनेता रॉड स्टायगर. त्याने पॉयटिएच्या मैत्रीचे आभार मानले, वंशद्वेष काय असतो ते त्याच्यामुळे समजलं असं सांगितलं आणि नागरी हक्क चळवळीच्या घोषणेने भाषण संपवलं. तीच घोषणा, जिचं हिंदी रूप आपण शाळेत रांगेत उभे राहून गायलोय.

आणि पॉयटिए? त्याला नामांकनसुद्धा नव्हतं. त्या एका वर्षात त्याचे तीन हिट पिक्चर होते. तरी, दोन माणसांच्या नात्याचा हा पिक्चर आणि बक्षीस मिळालं ते बदललेल्या गोऱ्या माणसाला.

इथे मला रूममेटचं वाक्य थोडं थोडं समजायला लागलं.

गाडीतून उडी

पुढचं जेम्स बाल्डविनने समजावलं. हा मोठा कृष्णवर्णीय लेखक १९७६ मध्ये सिनेमावरच्या पुस्तकात पॉयटिएच्या आधीच्या एका पिक्चरबद्दल लिहितो. 'द डिफायंट वन्स', १९५८. एकमेकांना साखळीने बांधलेले दोन कैदी पळून जातात, एक गोरा, एक काळा. दोघांना एकमेकांचा तिटकारा, पण शेवटी मैत्री. अखेरीस पॉयटिए धावत्या मालगाडीत चढतो, गोऱ्या साथीदाराला हात देतो, तो निसटतो आणि पॉयटिए त्याच्यासाठी गाडीतून उडी मारतो. गोऱ्या उदारमतवाद्यांच्या थिएटरात टाळ्या पडल्या. हार्लेमच्या थिएटरात लोक पडद्याकडे बघून ओरडत होते की मूर्खा, परत गाडीत चढ!

पिक्चर एकच आणि बघणारे दोन. गोऱ्या प्रेक्षकाला त्या उडीत माफी दिसत होती. काळ्या प्रेक्षकाला दिसत होता पुन्हा तुरुंगात जाणारा आपला माणूस.

'इन द हीट ऑफ द नाईट'च्या शेवटावरही बाल्डविन असाच रोख धरतो. शेवटी गिलेस्पी टिब्जची बॅग स्वतः उचलून गाडीपर्यंत आणतो, काळजी घे म्हणतो, दोघे हसतात, गाडी सुटते. बाल्डविनच्या मते हा जुन्या पिक्चरच्या शेवटच्या चुंबनासारखा ठरलेला समेट आहे. सगळं ठीक झालं असं सांगून प्रेक्षकाला घरी पाठवणारा. सप्टेंबर १९६७ मध्येच क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता. गोऱ्या अमेरिकेला पॉयटिए एवढा का आवडतो, हाच त्याचा प्रश्न.

मी मात्र पूर्णपणे बाल्डविनच्या बाजूला जाऊ शकत नाही. गिलेस्पी बॅग उचलतो तेव्हा गाव बदललेलं नसतं, कापूस वेचणारी माणसं तिथेच असतात, हे पिक्चरला माहीत आहे. टिब्ज गाडीत बसून निघून जातो ही गोष्ट मला शहाणपणाची वाटते. या वेळी पॉयटिए गाडीतून उडी मारत नाही. नऊ वर्षांत एवढा फरक पडला होता. पण माझा गळा का दाटला, हे मला आता कळतं. मी टिब्ज नव्हतो. मी गिलेस्पीला पास होताना बघत होतो.

पूर्ण नाव

कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी मी रूममेटला नाव विचारलं होतं. त्याने पहिलं नाव सांगितलं. मी म्हणालो, "पूर्ण नाव?" त्याने सांगितलं. मी "अच्छा" म्हणालो. एवढंच. सहा वर्षांत आम्ही त्या 'अच्छा'बद्दल कधी बोललो नाही. तो विसरला नसणार.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण लेखकांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' नाव दिलं, ते १९६६ मध्ये ओकलंडला निघालेल्या 'ब्लॅक पँथर'वरून. ज्यांना ओळखायचं होतं त्यांनी हे नातं केव्हाच ओळखलं होतं. मला त्यासाठी लॉकडाऊन आणि एक पिक्चर लागला.

दोन वर्षांनी रूममेटला बंगळुरूला नोकरी लागली. पुणे स्टेशनवर सोडायला मी गेलो. रिक्षातून उतरल्यावर त्याच्या बॅगकडे माझा हात गेला आणि मधेच थांबला. त्याने ते बरोबर पाहिलं.

"उचल की," तो म्हणाला. "जड आहे. प्रत्येक गोष्टीत पिक्चर नको बघूस."

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजीला विचारलं, आपल्याकडे यायचे त्या म्हाताऱ्यांचं पूर्ण नाव काय? आजीने हातातली लसूण खाली ठेवली. खूप आठवून पाहिलं. "काय की रे. सगळी त्याला तसंच म्हणायची."

म्हातारे जाऊन दहा-बारा वर्षं झाली. त्यांच्या नातवाचं बसस्टँडजवळ मोबाईल रिपेअरचं दुकान आहे. मी तिथे गेलो, ओळख दिली, आजोबांचं पूर्ण नाव विचारलं. त्याने सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"कशाला पाहिजे होतं?"

मला काही सांगता आलं नाही.